थकलेली वाळू

वाळू भरायच्या खोलीत मापारी अनवाणी जायचा. दारावरची पाटी त्यानेच रंगवून घेतली होती: दार आपटू नये, धावू नये, शिंक आल्यास बाहेर जावे. नवीन लागलेली माणसं ती वाचून हसायची. महिनाभरात मात्र खोलीसमोरच्या बोळात त्यांचाही आवाज आपोआप खाली यायचा, तान्हं निजलेल्या घरात येतो तसा.

खोलीत दोघे-तिघे सहज मावले असते, पण असायचा तो एकटाच. दुसऱ्याच्या पावलाने जमीन हलते, जमीन हलली की वाळू हलते, हे त्याचं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं. एकदा मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले, तर त्यांनाही त्याने उंबऱ्यावरून माघारी लावलं. "पेटी टाकीत गेली की बोलावतो साहेब. भरताना वाळू लाजते, कुणासमोर बसत नाही."

साहेब हसले आणि गेले. प्रयोगशाळेत त्याचा शब्द चालायचा, कारण तीस वर्षांत वाळूची एकही पेटी त्याच्याशिवाय कुणी भरली नव्हती. धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याचा हात ठरलेला असतो, तसा याचा, म्हणून आधीच्या साहेबांनी हे नाव ठेवलं. खरं नाव आता फक्त हजेरीच्या यादीत उरलं होतं.

वाळू म्हणजे नदीतली नव्हे. काळा दगड कुटून, चाळून, चंद्रावरच्या धुळीशी मिळतीजुळती केलेली. तिच्या कणाकणाला धार. चिमटीत चोळली तर बोटाची कातडी सोलायची. तिला गाळणीतून, ठरल्या उंचीवरून, पोलादी पेटीत पावसासारखी पडू द्यायची. पेटी काठोकाठ आली की लाकडी पट्टी एकदाच ओढून वरची जास्तीची वाळू काढून टाकायची. मग हवेतली धूळ खाली बसेपर्यंत तीन मिनिटं थांबायचं. पेटीला हात लावायचा नाही. तीन मिनिटं झाली की रुळांवरून पलीकडे टाकीत. टाकीचं जाड दार लागलं की आतली हवा उपसून काढायची, मग गारठा आणायचा, बर्फालाही हुडहुडी भरेल असा. आणि त्या हवेविना, उबेविना पोकळीत एक धातूचं पाऊल वरून हळूहळू वाळूत दाबायचं. किती भाराला किती रुतलं, ते लिहून ठेवायचं.

कारण एक यान उतरणार होतं. त्याच्या पायांची रुंदी किती असावी, ते या पेटीवरून ठरणार होतं.

मापारी फार शिकलेला नव्हता, पण वाळूचा स्वभाव त्याला पाठ होता. ओतली तर पाण्यासारखी वाहते, बसली तर दगडासारखा भार घेते. दोन्ही वेळा तीच ती. फरक एवढाच की कणांनी एकमेकांचे हात कसे धरलेत. सैल धरले असतील तर पाऊल आत जातं, घट्ट धरले असतील तर वरच्या वर तोललं जातं. आणि जिथे हवा नाही, ऊन नाही, तिथे हे हात धरणंही निराळं.

ताई सहा वर्षांपूर्वी आली. वयाने त्याच्या मुलीसारखी, पण पहिल्या दिवसापासून तो तिला ताईच म्हणाला आणि ती त्याला काका. तिने जुन्या नोंदी काढल्या, नव्या घेतल्या, आणि एक गोष्ट पकडली. तीच वाळू, तेच पाऊल, तोच भार. पण वर्षागणिक पाऊल थोडं अधिक रुतत होतं. गारठा आणि पोकळी यांच्या फेऱ्यांनी कणांची धार झिजते, वाळू थकते, असं तिने मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली काही कण गोलावलेले दिसलेही. तिच्या निबंधाचं कौतुक झालं. दूरदूरच्या माणसांनी तिला बोलावलं. प्रयोगशाळेच्या दिवाणखान्यात तिचा फोटो लागला, त्यात कोपऱ्यात मापाऱ्याची अर्धी बाही आली होती. बायकोला तो फोटो दाखवताना तो म्हणाला होता, "ही बघ, ही बाही माझी."

"बाहीच आली होय? तोंड आलं असतं तर फोटो पडला असता," बायको म्हणाली होती.

आणि आता एक पत्र आलं होतं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने ताईकडून दोन बरण्या मागवल्या होत्या, एक थकलेल्या वाळूची, एक ताज्या. दोन्ही त्यांनी तपासल्या. काडीचाही फरक सापडला नाही.

ताई खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही. तेवढा नेम तीही पाळायची.

"काका, आठ दिवसांनी समिती बसणार आहे."

"कशाला?"

"आकडे कुठून आणले, ते मी सांगायचं आहे." तिचा आवाज सपाट होता. "स्पष्ट म्हणत नाहीत कुणी. पण अर्थ तोच. मी मनाने लिहिले."

"कोण म्हणतो? माझ्यासमोर म्हण म्हणावं."

"तुम्हीच सांगा. भरण्यात काही बदललं का? उंची? गाळणी? काहीही."

मापाऱ्याच्या हातातली पट्टी जागच्या जागी थांबली. "ताई, दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर उत्तर दिलं नसतं. गाळणी तीच, उंची तीच. भरून झाली की मी पेटीला बोट लावत नाही. हा हात तीस वर्षं एकाच मापाचा आहे."

"मला ठाऊक आहे. तरी विचारावं लागलं." ती वळली. बोळातून जाताना तिची पावलं नेहमीसारखीच हलकी वाजली. त्याला वाटलं, आज तिने दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी बायको खिडकीशी वाट बघत बसली होती. तिच्या फुप्फुसात कफ साचायचा. नऊ वर्षांपूर्वी दुखणं निघालं तेव्हा दवाखान्यातल्या थेरपीच्या बाईंनी मापाऱ्याला शिकवलं होतं: हाताची पोकळ वाटी करायची, पाठीच्या खालून वर थोपटत जायचं, पाच थाप, मग दम, पुन्हा पाच. कफ सुटतो, श्वास मोकळा होतो. सकाळ आणि संध्याकाळ. नऊ वर्षांत एक वेळ चुकली नव्हती. ताप असला तरी तो थोपटायचा, भांडण झालेलं असलं तरी थोपटायचा. भांडणाच्या दिवशी थाप किंचित मोठी पडते, असं तिचं म्हणणं होतं.

आज त्याने थोपटायला घेतलं आणि ताईचं सगळं सांगितलं. ती उशीवर वाकून ऐकत होती.

"बिचारी," ती म्हणाली. मग थोडं खोकून, "आणि तुम्ही थोपटताय की मांजर कुरवाळताय?"

"हाडं बघ स्वतःची. जोरात मारलं तर हातात येतील."

"पहिल्या वर्षी कसं धबाधबा लावायचात! शेजारीण विचारायला आली होती, घरात काय कुटताय म्हणून." तिला पूर्वी उभ्याउभ्या ओळी जुळवायची सवय होती. आता दोन ओळींनाही दम पुरवून वापरावा लागायचा. तरी ती थांबत थांबत म्हणाली:

"हात म्हणू की पाऊस हा, पडला की नाही कळेना,
नऊ वर्षं दारी उभा, खोकला माघारी वळेना."

"वळेल," तो म्हणाला. दोघांनाही ठाऊक होतं, वळणार नाही.

नंतर चहा टाकायला तो स्वयंपाकघरात गेला. साखरेचा डबा रिकामा होता. पिशवी फोडून त्याने डब्यात साखर ओतली, काठोकाठ, आणि आधण यायची वाट बघत उभा राहिला. मन समितीत होतं. बायको भिंतीला धरून हळूहळू दारापर्यंत आली.

"आता साखरेलाही खोकला झाला का?"

"काय?"

"तिची पाठ कशाला थोपटताय?"

त्याने खाली बघितलं. उजवा हात वाटीसारखा वळला होता आणि डब्याच्या बाजूवर पडत होता. पाच थाप, दम, पुन्हा पाच. त्याने हात असा झटक्यात उचलला, जणू डबा तापला होता.

डबा काठोकाठ भरला होता. आता साखर बोटभर खाली होती.

"अहो, पाणी उतू चाललंय," बायको म्हणाली. तो हलला नाही. "काय झालं? अहो?"

"मी असं नेहमी करतो?"

"नेहमी म्हणजे? कुठेही टेकून उभे राहिलात की. बसच्या दांड्यावर, कपाटावर. परवा डॉक्टरांच्या टेबलावर. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीची माणसं यायच्या आत, मापाऱ्याने पहिली पेटी भरली. पट्टी ओढली आणि उजवा हात पँटच्या खिशात कोंबला. तीन मिनिटं. अशी तीन मिनिटं त्याने आयुष्यात काढली नव्हती. खिशातला हात कोंडलेल्या पाखरासारखा फडफडत होता. दुसरी पेटी भरली आणि मनाला मोकळं सोडलं, बायकोच्या औषधांचा, भाजीचा, पावसाळी गळक्या खिडकीचा विचार केला. भानावर आला तेव्हा हात पेटीच्या अंगावर होता.

मग त्याने हातात धरायचं छोटं पाऊल दोन्ही पेट्यांत एकाच वजनाने टेकवलं. थोपटलेल्या पेटीत ते नखाएवढं रुतलं. न थोपटलेल्या पेटीत अख्खं पेर.

तो जमिनीवर बसला. थोपटलं की कण दचकतात, घरंगळतात, रिकाम्या जागा बुजतात, एकमेकांचे हात घट्ट धरतात. हे तो नव्या माणसांना स्वतः समजावून सांगायचा. म्हणून तर पाटी. म्हणून तर अनवाणी पाय. जगाच्या पावलांपासून त्याने ही वाळू जपली होती आणि नऊ वर्षं स्वतःच तिला थोपटत होता.

आणि थाप हलकी होत गेली होती. बायकोची हाडं जशी ठिसूळ होत गेली, तसा हात हलका होत गेला. घरी हलका झालेला हात इथे येऊन जड कसा पडेल? पाऊल वर्षागणिक अधिक रुतत गेलं, ते यामुळे. वाळू थकली नव्हती. थकत होतं दुसरंच माणूस.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. थोपटताना नाही, आधी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि मग.

बायकोने उशी बाजूला सारली. "म्हणजे तिचा शोध..."

"नाहीच तो."

"आणि नाही सांगितलंत तर?"

"तर तिने आकडे मनाने लिहिले असं ठरेल. जाईल बिचारी इथून तोंड खाली घालून. पुन्हा कुठे उभं करणार नाहीत."

"सांगितलंत तर शोध जाईल, नाव राहील."

"हं."

"आणि तुमचं नाव?"

मापारी हसला, पण ते हसू ओठांवर टिकलं नाही. "तीन महिने राहिलेत माझे. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणणार होते, असा हात पुन्हा होणे नाही. आता खरंच म्हणतील."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं. तीस वर्षांत मी दुसरं काय केलं? एक पेटी नीट भरली. तेवढंच. तेही..."

बायकोने त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, जणू बाजारातून आणलेली वस्तू तपासत होती. "हा माझ्यापायी बिघडला," ती म्हणाली. "बिघडला असं मी म्हणणार नाही, पण ते लोक म्हणतील. म्हणू देत. तुम्ही उद्या सांगा."

ताईच्या टेबलावर सहा वर्षांच्या वह्या रचलेल्या होत्या. ती समितीसाठी एकेक आकडा पुन्हा जुळवत होती. मापारी बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं; साखर, खिसा, नख आणि पेर.

ती आधी हसली. "काका, मला वाचवायला खोटं बोलू नका."

"चला. दाखवतो."

पहिल्यांदाच त्याने तिला खोलीत घेतलं. ती दाराशी चपला काढताना अडखळली. त्याने पेटी भरली, पट्टी ओढली, आणि दोघं उभी राहिली. हात पेटीवर टेकलेला होता. हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"होत नाही," तो म्हणाला. "बघितलं की होत नाही."

"मग?"

"मग काय सांगू... तुम्ही बोला काही. वाळूचं सोडून."

भिंतीकडे बघत ताईने विचारलं, "काकू कशा आहेत?"

"आज बऱ्या आहेत. सकाळी अर्धी पोळी खाल्ली. रात्रीचा दम जरा... थेरपीच्या बाई म्हणाल्या, आता वरच्या भागावर नका मारू, फासळी पुन्हा..."

थप, थप, थप, थप, थप. मंद, पोकळ आवाज. मापारी बोलतच होता. ताईने त्याच्या हाताकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर तिचा तोल गेला. "सहा वर्षं, काका! सहा वर्षं तुम्ही मला त्या दाराबाहेर उभं केलंत. एकदा, फक्त एकदा आत येऊ दिलं असतंत तर पहिल्या महिन्यात दिसलं असतं मला!"

"हो."

"हो काय नुसतं? वाळू लाजते म्हणे! मी जगभर जाऊन सांगितलं, थकते म्हणून. माणसं टिपणं घेत होती!"

बोळात कुणी एवढ्या मोठ्याने बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. दोन दारं किलकिली झाली. मापारी मान खाली घालून उभा होता. त्याने क्षमा मागितली नाही. शब्द तोंडाशी आला तेव्हा त्याला तो फार लहान वाटला.

तिचा आवाज हळूहळू खाली आला. "समिती यावर विश्वास ठेवणार नाही. म्हणतील, बरं सापडलं ऐन वेळेला. म्हातारा माणूस, निवृत्तीला आलेला, घेतोय अंगावर." तिने कपाळ पुसलं. "थाप हलकी होत गेली, हे नऊ वर्षांचं दाखवायचं कसं? तुमच्या हाताची कुणी नोंद ठेवली होती का?"

संध्याकाळी मापारी ताईला घेऊन घरी गेला.

घर दोन खोल्यांचं. बायकोने ताईला पलंगावरच आपल्या शेजारी बसवलं. "फोटोत तू उंच दिसतेस गं," ती म्हणाली. "यांची बाही तुझ्या खांद्याला लागलीय, म्हणून म्हटलं."

ताई अवघडून पलंगाच्या कडेला सरकली. "काकू, मी त्रास द्यायला आले."

"त्रास मला रोजचा आहे. तू नवा काय देणार?" बायकोने उशाखालून एक फाईल काढली. कोपरे झिजलेली, दवाखान्याची. "थेरपीच्या बाई दर खेपेला यात लिहितात. वाच."

ताईने पानं उलटली. तारखा, श्वासाचे आकडे, औषधं. आणि मग एके ठिकाणी, तांबड्या शाईत: फासळीला चीर. थाप हलकी करणे. दीड वर्षाने पुन्हा: थाप आणखी हलकी. मग आणखी एकदा, गेल्या वर्षी: फक्त हाताच्या वजनाने.

तीन तारखा. ताईने पिशवीतून वही काढली. तिने सगळ्या नोंदींमधून एकच तिरपी रेघ ओढली होती, कारण ठिपके इकडेतिकडे विखुरलेले होते आणि उतार तर दिसत होता. आता तिने तीन तारखांवर पेन्सिलीने उभ्या रेघा मारल्या. तिरपी रेघ नजरेआड केली. आणि नऊ वर्षांपूर्वीची, दुखण्याआधीची पानं शोधली. तेव्हाची पेटी अगदी सैल होती. मग भार पेलण्यात एकदम उंच उडी. त्या सुमारास वाळूची नवी खेप आली होती, म्हणून त्या उडीचं कुणी कारण शोधलं नव्हतं. आणि उडीनंतर पहिल्या तारखेपर्यंत सपाट. मग खाली. दुसरीपर्यंत सपाट. मग खाली.

उतार नव्हताच. पायऱ्या होत्या.

ताई कितीतरी वेळ त्या पायऱ्यांकडे बघत राहिली. तिच्या निबंधाचा पाया त्यांवरून एकेक पायरी खाली उतरत होता आणि तिला ते स्वच्छ दिसत होतं.

"सापडलं?" बायकोने विचारलं.

"सापडलं."

"मग ने ही."

"काकू, ही तुमची खासगी... समितीत दहा माणसं असतील. ती हे वाचतील. तुमचं सगळं."

बायको खोकली. खोकला संपायला वेळ लागला. मापारी तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. "माझं दुखणं तुमच्या वहीत आधीच गेलंय बाई," ती म्हणाली. "मला न विचारता. आता निदान विचारून जाऊ दे."

समिती लांब टेबलाशी बसली होती. ताईने आधी फाईल ठेवली, मग वही, मग आपलं पत्र. निबंध मी मागे घेते आहे, असं पहिल्याच ओळीत होतं. वाळू थकत नाही. माझा निष्कर्ष चुकीचा होता. आकडे खरे आहेत. मी त्यांचं कारण चुकीचं दिलं.

समितीतल्या एका जाड चष्म्याच्या गृहस्थांनी पायऱ्या बघितल्या, तारखा बघितल्या, मग मापाऱ्याकडे वळले. "तुम्ही मान्य करता, नियम तुमच्याकडून मोडला गेला?"

"मान्य करतो."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. दिवसातून दोनदा घरी, आणि पेटी असेल तेव्हा इथे."

कुणी हसलं नाही. गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्या प्रयोगशाळेतही एकच माणूस पेट्या भरतो," ते ताईला म्हणाले. "मी कधी त्याच्याजवळ उभा राहिलेलो नाही." मग बराच वेळ कागद चाळत बसले.

निकाल कडू होता, पण अपमानाचा नव्हता. निबंध मागे घेतल्याची नोंद छापून येणार. दिवाणखान्यातला फोटो त्याच दुपारी शिपायाने उतरवला. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. पण आकडे मनाने लिहिले असं कुणी म्हणू शकलं नाही. आणि शेवटचं कलम असं होतं: जिथे यान उतरणार तिथली वाळू कुणीही थोपटलेली नाही. म्हणून पायांची रुंदी पुन्हा काढावी. पायांचा साचा ओतायला दोन आठवडे राहिले होते. हिशेब होईपर्यंत तो थांबवला. पेट्या नव्याने भरायच्या, भरल्यावर पेटीला हात न लावता, आणि प्रत्येक वेळी दोन माणसांनी बघत.

पहिल्या नव्या पेटीच्या दिवशी खोलीत चौघं होती. मापारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात मागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. गाळणी ताईच्या हातात होती. तिने कधी पेटी भरली नव्हती. पहिला पाऊस पडला तो एका बाजूला जास्त, आणि वाळूचा उंचवटा झाला.

"फेका ती," मापारी म्हणाला. "पुन्हा."

दुसरी. तिसरी. तिसरीला वाळू सरळ पडू लागली, न थबकता. तिच्या खांद्यांवरचा ताण त्याला पाठीमागून दिसत होता.

"श्वास घ्या, ताई. श्वास धरला की हात उंच जातो."

तिने श्वास सोडला. गाळणी हातभर रुंदीत एकसारखी फिरू लागली. पेटी काठाला आली. तिने पट्टी उचलली, एकदाच ओढली, बाजूला ठेवली. आणि मग सगळी जागच्या जागी उभी राहिली. धूळ हवेत होती, दिव्याच्या उजेडात हळूहळू खाली येत होती.

"आता?" ताईने पाठ न वळवता विचारलं.

"आता काही नाही," मापारी म्हणाला. "तीन मिनिटं. हात आपल्या आपल्या जवळ ठेवा."